दाब सामान्य, तरीही काचबिंदू

संपादक महोदय,

‘डोळ्याचा दाब २१च्या आत असेल तर काचबिंदूची चिंता नको’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटण्यासारखे नाही. निदान दृष्टिमज्जेवरून होते; दाब हा जोखमीचा एक घटक, महत्त्वाचा असला तरी. वाढलेला दाब पण निरोगी मज्जा असलेल्यांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीत (२००२) उपचार न घेतलेल्यांपैकी ५ वर्षांत जेमतेम ९.५ टक्क्यांना काचबिंदू झाला. उलट सामान्य दाबातही मज्जातंतू झिजलेले रुग्ण असतातच. शिवाय पारपटल पातळ असेल तर यंत्र दाब कमी दाखवते.

काचबिंदूची खूण मानला जाणारा मज्जेतला मोठा खळगा जन्मजातही असतो, मग माणसाला उगाच कशाला घाबरवायचे, हा आक्षेप रास्त आहे. पण पाहायची असते ती खळग्याभोवतीची कडा. ती खालून किंवा वरून पातळ होत असेल तर काचबिंदूचा संशय घ्यावा. उरलेली कडाच पांढुरकी पडली असेल, तर मेंदूतील गाठीपासून मज्जेचा रक्तपुरवठा तुटण्यापर्यंत दुसरी कारणे शोधावी लागतात, आणि तिथे दाब उतरवणारे थेंब कामाचे नाहीत. दाबमापन स्वस्त नि झटपट होते, हे खरेच. तेवढ्यावर ‘डोळे ठीक’ असा शेरा मात्र देऊ नये. चाळिशीनंतर बाहुली मोठी करून मज्जा एकदा तरी तपासावी.

आपला,
एक वाचक