शॅग्ज : निरागसपणा कुणाचा?

एखाद्या कलाकृतीला 'जगातील सर्वांत वाईट' आणि 'अपूर्व' ही दोन्ही विशेषणे लाभावीत, आणि ती बहाल करणारे बहुधा एकाच पंगतीतले असावेत, असा योग विरळा. 'शॅग्ज' या अमेरिकन भगिनींच्या बँडची १९६९मधली 'फिलॉसॉफी ऑफ द वर्ल्ड' ही तबकडी अशी भाग्यवान आहे. भाग्य कोणाचे, हा प्रश्न मात्र उरतो.

न्यू हॅम्पशर राज्यातले फ्रेमॉन्ट हे लहानसे गाव. तिथल्या ऑस्टिन विगिन या गिरणी कामगाराच्या आईने त्याचा हात पाहून जी भाकिते केली, त्यांत त्याच्या मुलींचा वाद्यवृंद नावाला येईल असेही एक होते. आधीची भाकिते खरी ठरली, तेव्हा हे उरलेले खरे करून दाखवण्याचे त्याने मनावर घेतले. डॉट, बेटी आणि हेलन यांची शाळा सुटली, शिक्षण टपालाने सुरू झाले आणि दिवस सरावाला जुंपला गेला. शनिवारी रात्री गावच्या सभागृहात कार्यक्रम होई. पोरे हुर्यो उडवत, रिकामे डबे फेकत. मुलींची अजून तयारी नाही, हे ध्वनिमुद्रणाच्या वेळीही दिसत होते. पण बापाला थांबायचे नव्हते. हजार प्रती निघाल्या आणि त्यांतल्या बहुतेक नाहीशा झाल्या, असे सांगतात.

पहिल्यांदा ऐकताना हसू येते, हे कबूल करायला हवे. ड्रम एका गाण्याचा, गिटार दुसऱ्याच गाण्याची वाटते. पण नेट धरून ऐकले की लक्षात येते, गिटार शब्दाशब्दाला गाणाऱ्या गळ्याचा माग काढते आहे. चाल वाक्याला बांधलेली आहे, तालाला नव्हे. वाक्य लांबले की चालही लांबते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी या मुली मध्येच थांबत आणि चूक झाली म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. ती चूक कोणती, हे तंत्रज्ञांना उमगत नसे, अशी एक आठवण प्रसिद्ध आहे. ती खरी असेल, तर बरोबर काय याची त्यांची कल्पना पक्की होती. याला अजाणतेपणा म्हणता येत नाही.

आणि इथेच मला चाहत्यांशी भांडायचे आहे. १९८०मध्ये टेरी ॲडम्स यांच्या खटपटीने तबकडी पुन्हा निघाली. पुढे कर्ट कोबेनने ती आपल्या आवडत्या तबकड्यांच्या यादीत वरच्या स्थानी ठेवली. या सर्व कौतुकात 'शुद्ध', 'निरागस', 'बाह्य संस्कारांपासून अलिप्त' हे शब्द फिरून फिरून येतात. मूळ वेष्टनावरचा मजकूरही याच शब्दांत बोलत होता. म्हणजे रसिकांनी बापाचीच जाहिरात उचलली! ज्या अलिप्ततेचे आपण गुणगान करतो ती या मुलींनी निवडलेली नव्हती. शाळा बंद करून ती घडवलेली होती. कॉलेजच्या वार्षिकासाठी आलेल्या कच्च्या कविता वाचताना 'किती साधे, किती अस्सल' असे माझ्याही तोंडून निघून जाते, आणि कवीला छंद येत होता की नाही हे विचारायचे राहून जाते. त्याच तबकडीवर 'हू आर पेरेंट्स?' हे डॉटने लिहिलेले गाणे आहे. आईवडीलच खरी काळजी घेतात, असा त्याचा आशय. हे गाणे गमतीने ऐकणाऱ्यांचा मला हेवा वाटत नाही.

१९७५मध्ये ऑस्टिन गेला आणि त्याबरोबर बँडही संपला. मुलींनी वाद्ये खाली ठेवली, एवढे एक उत्तर समीक्षकांनी फारसे विचारात घेतलेले नाही. सुझान ऑर्लीन यांनी १९९९मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये या बहिणींवर लिहिले, त्यातही आपल्या जुन्या संगीताविषयी त्या अभिमानापेक्षा संकोचानेच बोलताना दिसतात.

तरी डॉटने २०१३मध्ये स्वतंत्र तबकडी काढली, या वेळी बापाच्या आग्रहाविना. २०१७मध्ये ती आणि बेटी पुन्हा एका महोत्सवात मंचावर आल्या. साथीला तरबेज वादक होते. ती वाकडी लय त्यांना मेहनतीने बसवावी लागली. हेलन २००६मध्येच गेली होती. तिचा ड्रम दुसऱ्या कुणीतरी वाजवला.