पाणी सार्वजनिक, आराखडा ठेकेदाराचा

१८ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीचे पाणी भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलात शिरले, विद्युत यंत्रणा बंद ठेवावी लागली आणि पावसाने झोडपलेल्या मुंबईच्या फार मोठ्या भागाचा पाणीपुरवठा खंडित झाला. पाणी उकळून प्या, असे महापालिकेला सांगावे लागले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पाहिलेल्या शहरात हे घडावे!

जलशुद्धीकरण म्हटले की वाळूच्या गाळण्या आणि क्लोरीन आठवतात. परंतु पाणी उपसणारे पंप, गाळण्या उलट्या धुण्यासाठी हवा सोडणारे ब्लोअर, क्लोरीनची मात्रा देणारी यंत्रे हे सारे चालते विजेवर. स्विचबोर्डाचा चौथरा पुराच्या कोणत्या पातळीहून उंच असावा, दुसरा फीडर खरोखर दुसऱ्या उपकेंद्रातून येतो की एकाच उपकेंद्राला दोन नावे दिली आहेत, मोटर थेट सुरू करताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते तो जनरेटरला पेलेल काय, हे ठरवतो विद्युत आराखडा करणारा अभियंता. त्याचा हिशेब चुकला आणि पंप एकाएकी थांबले, तर जलाघाताने वाहिनी फुटू शकते; नळांतील दाब गेला की गळक्या जोडांतून गटाराची घाण आत येते.

आणि हा अभियंता कोणाचा नोकर? आराखड्यापासून उभारणीपर्यंतचे काम एकाच ठेक्यात देण्याची पद्धत रूढ झाल्यापासून, बहुधा ठेकेदाराचा. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर व्हायची. मग चौथऱ्याची वाढीव उंची आणि राखीव ट्रान्सफॉर्मर थेट नफ्यातून जाणार. त्यांचा आग्रह धरणारा अभियंता खर्चिक ठरतो. मोटरची किंमत एकदाच द्यायची असते, तिचे वीजबिल मात्र पालिका वर्षानुवर्षे भरते. वीजखपाची हमी घेतली जाते, असे समर्थक सांगतात. ती तपासणारा जाणकार पालिकेच्या सेवेत नसेल, तर त्या हमीचे मोल काय?

१९७६ च्या कायद्याने महाराष्ट्राने पाणीपुरवठा व जलनिःसारण मंडळ उभारले. १९९७ मध्ये त्याचेच जीवन प्राधिकरण झाले. लहान नगरपालिकांना जे तज्ज्ञ परवडत नाहीत, ते सार्वजनिक सेवेत असावेत हे या संस्थेचे खरे प्रयोजन ठरायला हवे. विद्युत आराखड्याची पदे तेथे कायम स्वरूपाची हवीत. निविदेचा दर उघडपणे वाचला जातो. पुराची कोणती पातळी गृहीत धरली आणि वीज गेल्यावर किती तास पाणी देता येईल, हेही त्याच बैठकीत नागरिकांसमोर वाचले पाहिजे.