दूध, खडू आणि डुकराचे केस

आमच्याकडे हल्ली बायका भेटल्या की लोणच्याच्या आधी रंगाचं बोलणं निघतं. जुना चौरंग, सासूबाईंची पेटी, माळ्यावरचा पाळणा, सगळ्याला नवं रूप द्यायचंय. आणि मग ठरलेला प्रश्न येतो: मिल्क पेंट घेऊ की चॉक पेंट? दुधाचा की खडूचा? विचारणारी बहुतेक वेळा उत्तर ठरवूनच आलेली असते. एक गट म्हणतो, दुधाचा नको, त्यात हिंसा आहे, आपण जैन आहोत. दुसरा गट म्हणतो, दुधाचाच हवा, दूध सात्त्विक असतं. दोघींनीही डब्याच्या मागची बाजू वाचलेली नसते. म्हणून हे जरा कडक शब्दांत लिहायला बसले आहे. राग आला तर येऊ द्या.

आधी दूध. खरा मिल्क पेंट म्हणजे दुधातलं केसिन, विरलेला चुना आणि रंगीत माती, बस्स. दूध नासवलं की जो चोथा उरतो तेच केसिन. त्यात चुना कालवला की तो चोथा विरघळून डिंकासारखा चिकट होतो आणि लाकडाच्या रंध्रांत शिरून बसतो. पानाच्या डब्यात असतो तोच चुना, दुसरं काही नाही. हा रंग पूड म्हणून मिळतो, पाणी घालायचं, घोटायचं, थोडा वेळ ठेवायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो नासतो, वास मारतो. आपल्याला हे कुणी शिकवायला नको. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन दिवस, उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात सात, हे आपण अव्वाकडून ऐकत मोठ्या झालो. कालवलेल्या रंगालाही मर्यादा असते एवढंच. पण बाजारात पातळ, डब्यात बंद, वर्षभर टिकणारा ‘मिल्क पेंट’ही मिळतो. त्यातल्या काहींत दुधाचा थेंब नसतो, तो सरळ अॅक्रिलिक असतो, नाव तेवढं दुधाचं. दूध म्हणून नाक मुरडणारी आणि दूध म्हणून जास्त पैसे मोजणारी, दोघीही अशा डब्याला फसतात.

आता खडू. १९९० मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या अॅनी स्लोन नावाच्या बाईंनी हा रंग बाजारात आणला आणि ‘चॉक पेंट’ हे नावही आपलं करून घेतलं. न घासता, प्रायमर न लावता, जवळपास कशावरही बसतो आणि वाळल्यावर मऊ, बिनचमकीचा दिसतो, ही त्याची ख्याती. आता त्या धर्तीचे रंग अनेक जण काढतात. त्यांत खडूसारखी खनिज पूड असते खरी, पण तिला धरून ठेवणारं बहुतेकदा पाण्यात मिसळणारं प्लास्टिकच असतं, भिंतीच्या इमल्शनमध्ये असतं त्या जातीचं. म्हणजे ‘नैसर्गिक’ हा शब्द इथे निम्माच खरा. आणि खडू आपल्याला नवा आहे का हो? आपले पेंटर दरवाजाची भोकं बुजवायला जी लांबी करायचे ती खडूची पूड आणि जवसाचं तेल मळूनच. भिंतीचा कोरडा डिस्टेंपर म्हणजेही खडूच, सरसानं बांधलेला, नाहीतर याच केसिनानं. आपल्या आजोळच्या भिंतींवर दूध आणि खडू एकाच बादलीत नांदत होते, आणि आपण त्यांची भांडणं लावून देतोय.

सरस कशाचा असतो, ठाऊक आहे ना? जनावरांच्या कातड्याचा आणि हाडांचा. घरातल्या जुन्या सागवानी कपाटाचे सांधे त्यानंच चिकटवलेले असण्याची शक्यता मोठी. त्यावरचं चकचकीत फ्रेंच पॉलिश म्हणजे लाख, आणि लाख काढताना किडे मरतात. मी हे कपाट फेकून द्या म्हणून सांगत नाही. मी सांगते आहे ते एवढंच, की अहिंसेचा हिशोब मांडायचाच तर पूर्ण मांडा. एक ओळ लिहून वही मिटू नका.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावात एका सभागृहात रंगाचा एक दिवसाचा वर्ग झाला. फी चार आकडी. शिकवणारीनं पहिल्याच वाक्यात सांगितलं, आम्ही जैन भगिनींसाठी दूधविरहित रंग वापरतो. टाळ्या पडल्या. मग तिनं प्रत्येकीच्या हातात एक जाड ब्रश दिला, ‘नॅचरल ब्रिसल’, आणि शेवटी रंगावर घासायला मेणाची डबी. हे नैसर्गिक केस बहुतेक वेळा डुकराचे असतात. डबीवर बीजवॅक्स लिहिलं होतं, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण. मद्य, मांस, मधु या तिन्हींचा त्याग आपण मूलगुण म्हणून पाठ केलेला, आणि त्याच पोळ्याचं मेण बोटांनी चोळत बायका खुशीत फोटो काढत होत्या. मी हात वर करून विचारलं तर उत्तर आलं, ‘अहो काकू, ते खायचं थोडंच आहे?’ बरं. मग केसिन तरी कुठे खायचं होतं?

यात विनोद असा की डुकराचे केस या कामाला चांगलेही नाहीत. पाण्याच्या रंगात ते पाणी पितात, फुगतात, लुळे पडतात. नायलॉन-पॉलिएस्टरचा ब्रश स्वस्त, आणि अशा रंगाला तोच बरा. मेणाचंही तसंच. कार्नोबा नावाचं ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण मिळतं. नाहीतर दुधाच्या रंगावर आपलं जवसाचं तेल हातानं चोळलं तरी रंग खुलतो आणि पाण्यापासून थोडा वाचतो. (तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा.)

दूधच सोडलेल्या आपल्यातल्या ज्या आहेत, चहासुद्धा बिनदुधाचा घेतात, डेअरीत वासराचं काय होतं ते पाहून आल्या आहेत, त्यांनी मिल्क पेंट नाकारला तर माझा त्यांना नमस्कार. त्यांच्या नाकारण्याला किंमत आहे, कारण ती त्या रोज मोजतात. त्यांना आणखी एक सांगते. कारखान्यात केसिन दोन रीतींनी काढतात, आम्ल घालून किंवा रेनेट घालून, आणि रेनेट परंपरेनं वासराच्या पोटातलं. पण ज्या घरात सकाळी दोन लिटर दूध येतं, सणाला बासुंदी होते, ज्यांनी २०१८ च्या श्रवणबेळगोळच्या महामस्तकाभिषेकाला जाऊन कलशामागून कलश दूध बाहुबलींवर वाहताना हात जोडले, त्यांनी पाटाला लावायच्या दोन चमचे केसिनावर अहिंसेचं प्रवचन देऊ नये. तुम्हाला तो रंग आवडत नाही, असं सरळ म्हणा. धर्माला पुढे करू नका.

आणि ‘दूध म्हणजे सात्त्विक’ म्हणणाऱ्यांनाही सोडत नाही. पावित्र्यानं रंग लाकडाला चिकटत नाही. दुधाचा रंग कोऱ्या लाकडाचा. त्याला रंध्रं उघडी लागतात. पॉलिश केलेल्या, व्हार्निश मारलेल्या कपाटावर लावाल तर खपल्या धरून सुटेल. काही जणींना ते जुनाट रूप आवडतं, आवडू दे, पण रोज हात लागणाऱ्या वस्तूवर खपल्या म्हणजे केर. शिवाय आपला बेळगाव-खानापूर भागातला पावसाळा. केसिन हे बुरशीचंही अन्न. ओल्या भिंतीला टेकलेल्या फळीला आषाढात दुधाचा रंग लावलात तर श्रावणात त्यावर काळे ठिपके मोजत बसाल, आणि त्या बुरशीतले जीव पुसताना कुठली अहिंसा आठवणार? चातुर्मासात हे काम काढूच नका. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा काढा.

तर मग काय घ्यायचं? सुताराकडून नवा, कोरा पाट, आंब्याच्या लाकडाची मांडणी, पॉलिश न केलेली खेळणी आली असतील तर दुधाचा. लाकडाची रेघ दिसत राहते, रंग वर बसत नाही, आत जातो. दूध चालत असेल तर घरीही होतो. साय पूर्ण काढलेलं दूध लिंबानं नासवा, चोथा धुऊन घ्या, विरलेला चुना आणि गेरू किंवा पिवडी कालवा. चुना हातांना आणि डोळ्यांना भाजतो, मोजे घाला, पोरांना लांब ठेवा. चुना मात्र दगडाचा मागा. कोकण-गोव्याकडचा चुना शिंपले भाजून करतात, आपल्याला बागलकोटकडचा दगडी चुना बरा. आधी पॉलिश किंवा रंग असलेली वस्तू असेल तर खडूचा, आणि त्यासाठी परदेशी डबा लागत नाही. एक वाटी मॅट इमल्शन घ्या, त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकी हार्डवेअरच्या दुकानातली खडूची पूड थोड्या पाण्यात गुठळी मोडून त्यात घाला. ‘काही न घासता’ या जाहिरातीवर जाऊ नका. वीस वर्षांच्या तेलकट हातांचा मळ साबणाच्या पाण्यानं धुतल्याशिवाय कुठलाच रंग टिकत नाही. जुन्या गडद पॉलिशचा रंग पांढऱ्यातून चहाच्या डागासारखा वर येतो, तिथे डाग अडवणारा पाण्याचा प्रायमर आधी मारा. आणि मेण लावलेल्या खडूवर गरम कप ठेवला की गोल उठतोच, म्हणून स्वयंपाकघरातल्या फळीला हा नको.

एका गोष्टीवर मात्र मी कुणाचं ऐकून घेणार नाही. शेजारची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. अंगणात बसून आजीच्या वेळचा पाळणा पॉलिश पेपरनं घासत होती. पिवळा-हिरवा ऑइलपेंट, धूळ नाकातोंडात. आई कौतुकानं चहा घेऊन उभी. मी तिच्या हातातून कागद काढून घेतला. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं, पिवळ्या-हिरव्या-लाल रंगांत तर फारच. आपल्या देशात घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आला २०१६ साली, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीचा रंग म्हणजे संशयितच. ते शिसं धुळीतून गर्भातल्या बाळापर्यंत पोचतं आणि वाढत्या मेंदूला जी इजा करतं ती भरून निघत नाही. त्यांच्या घरात महिनाभर वाद चालला होता दूध की खडू, पाळण्याला काय शोभेल. खाली काय आहे हे एकीनंही विचारलं नव्हतं. जुना ऑइलपेंट कोरडा घासू नका, गरोदर बाईनं आणि लहान मुलांनी त्याच्या जवळही जाऊ नये. आणि पाळण्याच्या कडा बाळ दातांनी चावतं, तेव्हा वरून खडू फासून खालचं शिसं झाकलं असंही समजू नका. त्या पाळण्याला मी माळ्यावरच ठेवायला लावलं. बाळासाठी नवा, कोऱ्या लाकडाचा आला.

आणखी एक, सागवानाबद्दल. दांडेलीकडच्या जुन्या सागवानाची पेटी, तिच्यावर साठ-सत्तर वर्षांच्या हातांनी आलेली झळाळी, तिच्यावर फिकट निळा खडू फासायचा कशासाठी? फोटोत परदेशी घरासारखं दिसावं म्हणून? पुन्हा काढायला गेलात तर खाचांतला, कोरीव कामातला रंग निघत नाही, घासता घासता वरची झळाळीही जाते. रंगवायला हौस असेल तर प्लायवूडची कपाटं घरोघरी पडली आहेत. पेटीला कोमट पाण्यात पिळलेलं फडकं, मग कोरडं फडकं, मग दोन थेंब जवसाचं तेल पुरतं.

दुकानात गेलात तर दूध आहे का एवढंच विचारून परतू नका. ब्रश कशाचा, मेण कशाचं, पॉलिशमध्ये लाख आहे का, चुना दगडाचा की शिंपल्यांचा, हेही विचारा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला हार्डवेअरवाला पहिल्यांदा हसला. आता नायलॉनचे ब्रश वेगळ्या खोक्यात ठेवतो.