लाल फुलीला घाबरायचं कशाला?

परवा संध्याकाळी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात आठवीतली लेक मोबाइल घेऊन आली. चेहरा रडवेला. क्लासच्या ऑनलाइन सरावात लागोपाठ तीन उत्तरांवर लाल फुली! "आई, मला गणित जमणारच नाही," म्हणत तिनं वही मिटली.

गणित होतं क्षवर्ग + ५क्ष + ६ चे अवयव पाडण्याचं. तिनं लिहिलं होतं (क्ष + ३)(क्ष + २). मोबाइल म्हणत होता, बरोबर उत्तर (क्ष + २)(क्ष + ३). आता बघा, तीन दुणे सहा काय नि दोन त्रिक सहा काय! दहावीनंतर मी बीजगणिताला हात लावलेला नाही, तरी म्हटलं, क्षच्या जागी १ घालून बघ. दोन्ही उत्तरं १२. मग २ घातले. दोन्हीकडे २०. पोरीचा चेहरा खुलला.

मग हे यंत्र चूक का म्हणालं? शेजारच्या गणिताच्या बाईंनी उलगडा केला. काही ठिकाणी मुलांचं उत्तर ठरलेल्या उत्तराशी नुसतं अक्षर न् अक्षर ताडून बघतात. क्रम बदलला की फुली! चांगल्या व्यवस्था तसं करत नाहीत. बर्मिंगहॅम विद्यापीठात ख्रिस सँगविन यांनी सुरू केलेली 'स्टॅक' ही प्रणाली 'मॅक्सिमा' या बीजगणित जाणणाऱ्या प्रोग्रॅमची मदत घेते. शिक्षकाच्या उत्तरातून मुलाचं उत्तर वजा केलं की शून्य उरतं का, हे ती बघू शकते. दुसरी रीत आम्ही मायलेकींनी केली तीच, क्षला वेगवेगळ्या किमती देऊन बघायचं. मात्र एकाच किमतीवर विसंबू नका हं. २ घातले तर क्षवर्गही ४ आणि २क्षही ४. ३ घातले की ९ आणि ६, लगेच फरक कळतो.

पण नुसती किंमत जुळूनही भागत नाही. आपण शंभराचे सुट्टे मागितले आणि दुकानदारानं दुसरी शंभराचीच नोट दिली, तर हिशेब चुकला नाही, पण काम झालं का? तसंच अवयव मागितले असताना मूळ राशीच परत लिहिली, तर फुली योग्यच. म्हणून आधी प्रश्नात काय मागितलंय ते वाचायचं.

मैत्रिणींनो, मला वाटतं, फुली कशासाठी ते न सांगणारा सराव मुलांना गणित शिकवत नाही, भीती शिकवतो. आणि मुली तर "मला येतच नाही" म्हणून फार लवकर मोकळ्या होतात. क्लासला जाऊन विचारा, तुमचं यंत्र उत्तर तपासतं कसं? मी विचारलं. दुरुस्त करतो म्हणालेत. तोवर आमच्या घरी लाल फुली आली की वही मिटत नाही. आधी क्षची किंमत घालून बघायची, मगच रडायचं!