उद्योगाचा भरवसा मोजतात, मोंढ्यातला कोण मोजणार?

'उद्योगजगताचा विश्वास वाढला' अशी बातमी टीव्हीवर अधूनमधून येते. मोंढ्यात चहा पिताना ती ऐकली की एखादा आडत्या हमखास विचारतो, "विश्वास कोणत्या काट्यावर मोजतात हो?" प्रश्न चेष्टेचा असला तरी उत्तर आपल्या कामाचं आहे.

रीत सोपी आहे. कंपन्यांना विचारतात, पुढच्या तीन महिन्यांत तुमचं काम वाढेल, आहे तसंच राहील की घटेल? समजा १०० पैकी ४५ जण वाढेल म्हणाले, २० जण घटेल म्हणाले. ४५ मधून २० वजा केले की उरले २५. आकडा शून्याच्या वर असला तर आशा जास्त, खाली गेला तर धास्ती जास्त. म्हणजे धंदा किती वाढला हे यातून कळत नाही; किती जणांना वाढेल असं वाटतं, एवढंच कळतं.

रिझर्व्ह बँक दर तिमाहीला कारखानदारांचा असा सर्व्हे करते. दिल्लीची एनसीएईआर ही संस्था १९९१ पासून करते. तिचा सर्व्हे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू आणि पुणे या सहा शहरांतला. सर्व्हे खोटा नसतो. उत्पादनाचे सरकारी आकडे उशिरा येतात, तोवर वारं कुठं वळलं याचा अंदाज येतो. व्याजदर ठरवताना रिझर्व्ह बँकेपुढं असे अहवाल असतात, आणि व्याजदराची झळ आपल्या ट्रॅक्टरच्या हप्त्यापर्यंत पोचते.

खरी गोम पुढंच आहे. रिझर्व्ह बँकेच्या प्रश्नांत कच्च्या मालाच्या खर्चाचाही प्रश्न असतो. खर्च वाढेल हे उत्तर निराशेत धरतात, घटेल हे आशेत. आता लातूरच्या तेल गिरणीचा कच्चा माल म्हणजे आपलं सोयाबीन, उदगीरच्या डाळ मिलचा कच्चा माल म्हणजे आपली तूर. भाव पडला की गिरणीवाल्याच्या खात्यात ती आशा आणि आपल्या घरात चिंता. माल एकच, पण भरवसा दोन.

२०२५ चंच बघा. २२ सप्टेंबरपासून जीएसटी कमी झाला, ट्रॅक्टरवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला, दिवाळीत शहरात गाड्या जोरात खपल्या. त्याच सप्टेंबरात नांदेड-लातूरच्या शिवारात उभं सोयाबीन पाण्यात होतं. हमीभाव ५३२८ रुपये, पण दिवाळीच्या तोंडावर मोंढ्यातला भाव त्याच्या बराच खाली. जीएसटी कमी झाला म्हणून ट्रॅक्टर घ्यायला हातात पैसा तर पाहिजे.

अर्थात भरवसा आपलाही चुकतो. २०२१ मध्ये लातूरला सोयाबीन १०,००० च्या वर गेलं आणि तो आकडा डोक्यात बसला. पुढच्या वर्षीचा माल मीही घरात ठेवला. भाव उतरत गेला. खळ्यावरून विकला असता त्याहून कमी पैसे हाती आले. तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर 'भाव वाढेल' असंच सांगितलं असतं. मोठ्या कंपनीचा साहेबही माणूसच, त्याचंही असंच होत असणार.

नाबार्डनं सप्टेंबर २०२४ पासून दर दोन महिन्यांनी गावाकडच्या कुटुंबांना उत्पन्न, कर्ज, पुढची आशा विचारायला सुरुवात केली, हे चांगलं झालं. पण मुखेडची परिस्थिती वेगळी, औशाची वेगळी. बाजार समितीत आवकेची नोंद होतेच. तिथंच शेतकऱ्याला तीन प्रश्न विचारता येतील. माल सगळा विकला की ठेवला? दुकानाची उधारी मागच्या सालापेक्षा वाढली का? पुढच्या पेरणीला पैसा घरचा की व्याजाचा? दर महिन्याला हे तालुक्याच्या फळ्यावर लागलं तर पीककर्ज आणि खरेदी केंद्राची मागणी करताना हातात काहीतरी असेल.

तोवर टीव्हीवर विश्वास वाढल्याची बातमी आली तर एवढं बघा, की विचारलं कुणाला, आणि त्यांचा कच्चा माल कुणाच्या शेतातला.