सागाचा भाव उतरत का नाही?

बल्लारपूरच्या डेपोत सागाच्या ओंडक्यावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा दिसतो. अयोध्येच्या राममंदिराची दारं याच भागातल्या सागाची. पक्क्या लाकडासाठी या झाडाला पन्नासेक वर्षं लागतात. गिऱ्हाईक वाढलं म्हणून ते भराभर वाढत नाही.

भाव चढण्याचं मूळ तिथेच आहे. त्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने मंजूर कार्य आयोजनेशिवाय, म्हणजे तोडीच्या आराखड्याशिवाय, होणारी जंगलतोड थांबवली आणि २०१४ मध्ये आपल्याला साग पुरवणाऱ्या म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली. जंगलासाठी दोन्ही निर्णय योग्यच होते! पण तूट भरून काढायला नवा साग रातोरात उभा राहत नाही, म्हणून चढलेला भाव चढलेलाच राहतो.

ही तूट शेतातला साग थोडीफार भरू शकतो, पण बांधावर साग जपणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःचं झाड तोडायलाही परवानगीसाठी खेटे घालावे लागतात. सरकारने ही परवानगी ठरलेल्या मुदतीत द्यावी.