गडचिरोलीची लढाई आणि भरतीची तयारी करणारे तुम्ही

पहाटे पाचला मैदानावर पळणारी पोरं-पोरी वालचंदनगरला नवीन नाहीत. पोलीस भरती, सोळाशे मीटर, गोळाफेक... कदाचित तुम्हीही त्यांच्यातच असाल. गावातल्या कारखान्यात नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स आणि इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात. त्यामुळे युद्ध म्हटलं की आपल्याला जहाज नाहीतर क्षेपणास्त्रच आठवतं. पण आपल्याच राज्यात चार दशकं चाललेली लढाई या दोन्हींवर जिंकता येणारी नव्हती. ती गडचिरोलीची.

अशा लढाईत शत्रूला गणवेश नसतो. तो गावात जेवतो, जंगलात झोपतो. त्यामुळे खरी रणभूमी म्हणजे तिथली माणसं. ती कोणाला खबर देतात, कोणावर विश्वास ठेवतात, यावर निकाल ठरतो. मलायातल्या बंडाशी लढताना ब्रिटिशांनी १९५०च्या दशकात हाच धडा घेतला होता.

गडचिरोलीत १९९० मध्ये सी-६० पथक उभं राहिलं. त्यात स्थानिक तरुण घेतले. गोंडी-माडिया बोलणारे, जंगलाची पायवाट न् पायवाट ठाऊक असलेले. तरीही किंमत मोजावीच लागली. २००९ मध्ये लाहेरीजवळ १७ पोलीस गेले, २०१९ मध्ये जांभुळखेड्याच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांचा चालक.

२०१८ मध्ये बोरिया-कसनासूर भागात ४० माओवादी मारले गेले. मोठं यश होतं, पण लढाई तिथे संपली नाही. सोबत दुसरं काम चालू होतं: आत्मसमर्पण योजना, आतल्या गावांत पोलीस मदत केंद्रं, रस्ते, दाखले मिळवून देणारी ‘दादालोरा खिडकी’. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपतीसह ६१ माओवाद्यांनी मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. त्यामागे बंदुकीचा धाक होता, तसा परतीचा दरवाजाही होता.

उलट उदाहरण शेजारीच आहे. छत्तीसगडमध्ये ‘सलवा जुडूम’च्या नावाखाली गावकऱ्यांच्याच हाती बंदुका दिल्या. गावं दुभंगली, हजारो लोक विस्थापित झाले. शेवटी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावातल्या तरुणांना असं शस्त्र देणं घटनाबाह्य ठरवलं.

म्हणून ‘किती मारले?’ एवढंच विचारून भागत नाही. आता सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावताहेत. जंगलावर ग्रामसभेचा हक्क असतो, हे मेंढा-लेखाने २००९ मध्येच दाखवून दिलंय. खाणीच्या निर्णयात त्या हक्काचा मान राखला नाही, तर बंदुका शांत झाल्या तरी राग शांत होणार नाही.

तेव्हा दोस्तांनो, उद्या राज्य राखीव दलात निवड झाली आणि बंदोबस्तासाठी गडचिरोलीला निघालात, तर बॅगेत बुटांसोबत एक वहीही टाका. पोचल्यावर त्यात गोंडीतले चार शब्द लिहून घ्या. तिथे फिटनेसइतकेच तेही उपयोगी पडतील.